दुकानातला सफरचंदाचा रस, मध आणि घरचे सायडर: मध किती, केव्हा, आणि बाटली कधी भरावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका गृहस्थांना सुपरमार्केटमधला सफरचंदाचा रस आणि मध वापरून डेमिजॉन नावाच्या साडेचार लिटरच्या काचेच्या भांड्यात घरच्यापुरते सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेले मद्य, करायचे आहे. मागच्या खेपेस त्यांनी रसात मधाची अख्खी बरणी एकदम ओतली आणि वर पाकिटातले यीस्ट टाकले. आठवड्याभरात सडक्या अंड्यांसारखा वास सुटला, आणि महिन्याने जे तयार झाले ते कोरडे, घशाला जाळणारे आणि मधाचा मागमूसही नसलेले निघाले. मध किती घालावा, केव्हा घालावा, गोडी टिकवता येते का, बाटल्या फुटतात असे म्हणतात त्यात तथ्य किती, घरी केलेले मद्य विषारी होण्याची भीती असते का, आणि हीच कृती पुण्याला गेल्यावर करता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

तुमच्या तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी बहुतेकींचे मूळ एक आहे. मध म्हणजे जवळजवळ ऐंशी टक्के साखर आणि सतरा-अठरा टक्के पाणी. त्यात यीस्टला वाढण्यासाठी लागणारा नत्र नावालाच असतो. सफरचंदाचा रसही या बाबतीत गरीबच, द्राक्षरसाच्या तुलनेत तर फारच. म्हणजे तुम्ही यीस्टपुढे कामाचा डोंगर ठेवला आणि शिधा मात्र दिला नाही. उपाशी यीस्ट हायड्रोजन सल्फाइड सोडते, तोच तुमचा सडक्या अंड्यांचा वास. साखर मात्र ते रडतखडत का होईना, सगळी संपवते, म्हणून पेय कोरडे झाले. आणि एवढ्या साखरेचे मद्य झाल्यावर महिनाभरात ते घशाला लागणारच. मधाचा सुगंध सुरुवातीच्या जोरदार फसफसण्यात वायूबरोबर निघून गेला. तेव्हा मध किती घालावा यापेक्षा तो केव्हा घालावा आणि त्याच्या जोडीला यीस्टला काय द्यावे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

रसापासून सुरुवात करू. खोक्याच्या मागची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय रस विकत घेऊ नये. घटकांमध्ये सफरचंदाचा रस आणि फार तर ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे क जीवनसत्त्व, एवढेच असेल तर तो रस चालतो. पोटॅशियम सॉर्बेट (ई २०२), सोडियम बेंझोएट (ई २११), सल्फाइट (ई २२० आणि त्याची भावंडे) यांपैकी काही लिहिलेले असेल तर तो रस जागेवर ठेवावा, कारण ही द्रव्ये यीस्टला वाढू न देण्यासाठीच घातलेली असतात. ज्यावर ‘ज्यूस ड्रिंक’ लिहिले आहे त्यात पाणी आणि साखर मिसळलेली असते, तेही नको. रस पाश्चराइज केलेला असल्याने काही बिघडत नाही, उलट आधीचे जंतू मेलेले असल्याने आपले काम सोपे होते. आटवलेल्या रसात पुन्हा पाणी घालून केलेला, म्हणजे ‘फ्रॉम कॉन्सन्ट्रेट’ प्रकारचा रस चालेल का, असे अनेक जण जरा संकोचाने विचारतात. पहिल्या खेपेला तर तोच घ्यावा. तो स्वस्त असतो, निवळ असतो आणि प्रत्येक खोक्यात सारखाच निघतो. गढूळ रस चवीला थोडा भरदार असतो, पण त्यातल्या पेक्टिन या चिकट द्रव्यामुळे सायडर महिनोन्‌महिने धुरकट राहू शकते. त्यासाठी होमब्रूच्या, म्हणजे घरी मद्य करण्याचे साहित्य विकणाऱ्या, दुकानात मिळणारे पेक्टोलेज हे विकर यीस्टच्या आधी घालावे लागते.

दुकानातल्या रसात दर १०० मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते. हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची काचेची नळी, त्यात तरंगत सोडला की तो १.०४५ ते १.०५०च्या दरम्यान थांबतो, आणि नुसता हा रस पूर्ण आंबला तर साधारण सहा टक्के मद्याचे सायडर होते. हायड्रोमीटर अजून घेतला नसेल तर मधाच्या आधी तो घ्या. त्याच्यावाचून पुढचे सगळे अंदाजपंचे होईल, आणि बाटली भरण्याच्या टप्प्यावर अंदाजपंचे कारभार धोक्याचा असतो.

या रसात एक गोष्ट मुळातच कमी असते, ती म्हणजे तुरटपणा. इंग्लंडमधल्या हिअरफर्डशर आणि सॉमरसेट या परगण्यांत सायडरसाठी जी सफरचंदे लावतात ती खाण्याची नसतात. डॅबिनेट किंवा यार्लिंग्टन मिल या जातींचे फळ चावले तर जीभ कोरडी पडते. ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन येथे १९०३ साली सुरू झालेल्या फळे आणि सायडर संस्थेत या सफरचंदांची जी प्रतवारी ठरली ती आजही वापरात आहे: टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, ०.२ टक्क्यांहून जास्त आणि आम्ल ०.४५ टक्क्यांहून कमी असेल तर फळ ‘बिटरस्वीट’, दोन्ही जास्त असतील तर ‘बिटरशार्प’, आणि याच रीतीने पुढे. दुकानातला रस मात्र खाण्याच्या आणि स्वयंपाकाच्या सफरचंदांचा असतो. त्यात आम्ल बऱ्यापैकी असते, टॅनिन जवळजवळ नसते. गोडी आहे तोवर हे जाणवत नाही. साखर संपली की उरते ते पातळ आणि आंबट पेय. यावरचा उपाय प्रत्येकाच्या फडताळात असतो. दोन पिशव्यांचा, पंधरा मिनिटे झाकून ठेवलेला, चांगला कडक कोरा चहा दीडशे मिलिलिटर, निववून डेमिजॉनमध्ये घालावा. त्याने चहाची चव येत नाही, पण घोट तोंडात जरा रेंगाळतो. टॅनिनची पूडही विकत मिळते. ती मात्र फार पटकन जास्त पडते, म्हणून मी चहाच्या बाजूचा आहे.

आता मध. साडेचार लिटरच्या भांड्यात दर १०० ग्रॅम मधामागे घनता सुमारे सहा अंशांनी वाढते, म्हणजे १.०४७ची १.०५३ होते. ३४० ग्रॅमची एक बरणी पूर्ण वापरली तर एकूण हिशेब १.०६५च्या आसपास जातो, आणि शेवटी घनता ०.९९८वर उतरली की मद्याचे प्रमाण पावणेनऊ टक्क्यांच्या जवळपास येते. हे गणित कोणालाही करता येते: सुरुवातीच्या घनतेतून शेवटची वजा करावी आणि फरकाला १३१ने गुणावे. पबमध्ये मिळणारे सायडर साडेचार-पाच टक्क्यांचे असते, म्हणजे तुमचे जवळजवळ दुप्पट कडक होईल. अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत चार युनिटांहून अधिक मद्य भरते (एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क), आणि ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेचा सल्ला आठवड्याला चौदा युनिटांहून अधिक न घेण्याचा आहे. त्यामुळे हे पाइंटच्या ग्लासात ओतायचे पेय नव्हे. पाहुण्यांना देताना तसे सांगावे. मधाचा सुगंध हवा पण कडकपणा नको असेल तर २२५ ग्रॅम मध पुरतो आणि पेय आठ टक्क्यांच्या आत राहते. बरणीभरापेक्षा अधिक मध पहिल्या खेपेला तरी घालू नये. तसे केल्यास ते सायडर न राहता मीडकडे, म्हणजे मधाच्या मद्याकडे, झुकते, आणि त्याला पिण्याजोगे व्हायला वर्षभर लागते.

मध कोणता घ्यावा? सर्वांत स्वस्त, पिळून काढायच्या बाटलीतला मिश्र मध साखरेचे काम करतो, सुगंधाचे करत नाही. दुसऱ्या टोकाला हेदर या रानझुडपाचा मध इतका उग्र असतो की तो सफरचंदाला गिळून टाकतो. क्लोव्हर, लिंबाच्या किंवा संत्र्याच्या फुलांचा, किंवा स्थानिक मधपाळाकडचा हलक्या रंगाचा मध या कामाला उत्तम. खडे झालेला मध चालतो. बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो सैल होतो. मध उकळण्याची जुनी रीत मात्र सोडून द्यावी. उकळल्याने साय निघते, पेय लवकर निवळते, पण ज्या वासासाठी आपण साखरेऐवजी मध घेतला तोच वाफेबरोबर उडून जातो. मधात जंतू असतील ही भीतीही फारशी खरी नाही. घट्ट मधात काही वाढत नाही, आणि रसात मिसळल्यावर जोमदार यीस्ट बाकीच्यांना डोके वर काढू देत नाही.

भांडी, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी नळी), रबरी बूच, नरसाळे आणि नळी आधी स्वच्छ धुऊन मग निर्जंतुक करून घ्यावीत. ही दोन वेगळी कामे आहेत. डाग असलेल्या काचेवर कोणतेही निर्जंतुकीकरण लागू पडत नाही. धुवावे न लागणारे सॅनिटायझर होमब्रूच्या दुकानात मिळते, ते सर्वांत सोयीचे.

प्रत्यक्ष कृती अशी करावी. एकेक लिटरची पाच खोकी रस आणावा. सव्वाचार लिटरच्या आसपास वापरला जाईल, उरलेला नंतर कामी येतो. सर्व रस खोलीच्या तापमानाला आला पाहिजे. डेमिजॉनमध्ये साधारण दोन लिटर रस, मधाची अर्धी बरणी म्हणजे १७० ग्रॅम, आणि निवलेला चहा घालावा. तोंड बंद करून मध पूर्ण विरघळेपर्यंत आणि नंतरही दोन मिनिटे जोरजोरात घुसळावे. यीस्टला वाढीच्या सुरुवातीला प्राणवायू लागतो, आणि हवा मिसळून घेण्याची ही एवढीच वेळ असते. यानंतर हवा हा शत्रू. मग आणखी पावणेदोन लिटरपर्यंत रस घालावा. भांडे गळ्यापर्यंत भरू नये, पहिले तीन दिवस फेस वर येतो आणि एअरलॉकमधून बाहेर पडून टेबलावर चिकट ओघळ करतो. या वेळची घनता मोजून लिहून ठेवावी, ती १.०५५च्या आसपास असेल.

यीस्टची पाच ग्रॅमची पुडी एवढ्याला पुरून उरते. ती कोरडीच वर शिंपडण्यापेक्षा पस्तीस-चाळीस अंशांच्या थोड्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवावी आणि मग ओतावी. जातीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ईसी-१११८ हे शॅम्पेनचे यीस्ट कधी दगा देत नाही, उपासमारही बरीच सोसते, पण ते सगळे इतके साफ करून टाकते की सफरचंद आणि मध दोन्ही मागे पडतात. ७१बी हे यीस्ट सफरचंदातल्या मॅलिक आम्लाचा काही भाग खाते, म्हणून दुकानातल्या रसाच्या आंबटपणाला ते अधिक मानवते, आणि फळाचा वासही राखते. सायडर यीस्ट म्हणून मिळणारी पाकिटेही चांगली असतात. पावाच्या यीस्टने सायडर होत नाही असे नाही, पण त्याचा साका सैल बसतो; बाटली जरा हलली की पेय पुन्हा गढूळ.

यीस्टचे पोषण म्हणून ‘यीस्ट न्यूट्रियंट’ या नावाची पूड मिळते. तिच्यात प्रामुख्याने डायअमोनियम फॉस्फेट असते आणि चांगल्या पुडीत थायमिन आणि मृत यीस्टचा अंशही असतो. साडेचार लिटरला साधारण एक सपाट चमचा, किंवा डब्यावर लिहिले असेल तेवढी. ती दोन भागांत द्यावी: पहिला भाग बुडबुडे नीट सुरू झाल्यावर, म्हणजे बहुधा दुसऱ्या दिवशी, आणि दुसरा मधाच्या दुसऱ्या हप्त्याबरोबर. अगदी शेवटी, मद्य बरेच तयार झाल्यावर ही पूड घालू नये. तेव्हा यीस्टला ती वापरता येत नाही आणि चवीत खारटपणा उरतो. पूड मिळालीच नाही तर पावाच्या यीस्टचा एक चमचा अर्धा कप पाण्यात दहा मिनिटे उकळून, निववून घालावा. मेलेले यीस्ट जिवंत यीस्टला खाद्य म्हणून चालते.

भांडे सोळा ते अठरा अंशांच्या जागी ठेवावे. इंग्लंडमध्ये बॉयलरशेजारचे उबदार कपाट अनेकांना मोहात पाडते, पण तिथे आंबवण झपाट्याने होते आणि त्यात विलायक द्रव्यासारखा उग्र वास येतो. जिन्याखालची, उन्हापासून दूर असलेली जागा उत्तम. आंबताना पेय स्वतःही थोडे तापते, हे लक्षात घ्यावे.

चार-पाच दिवसांनी फेस खाली बसतो. घनता मोजून पाहावी, ती १.०३०च्या जवळ आली असेल तर मधाचा दुसरा हप्ता घालण्याची वेळ झाली. इथे घाई करणाऱ्याला हमखास स्नानसदृश अनुभव येतो, म्हणून जरा तपशिलाने सांगतो. आंबणाऱ्या पेयात कार्बन डायऑक्साइड भरपूर विरघळलेला असतो. त्यात पूड किंवा घट्ट मध पडला की प्रत्येक कणाभोवती तो वायू एकदम सुटतो, आणि पेयाचे कारंजे छतापर्यंत जाऊ शकते. यासाठी उरलेला मध तीनशे मिलिलिटर रसात वेगळ्या भांड्यात पूर्ण पातळ करून घ्यावा आणि पोषणाची पूडही त्यातच विरघळवावी. डेमिजॉन हलक्या हाताने गोल फिरवून आतला वायू आधी सोडून द्यावा. फसफस ओसरली की पुन्हा फिरवावा. मग हे मिश्रण बारीक धारेने, मध्ये मध्ये थांबत ओतावे, आणि शेवटी रसाने भांडे मानेपर्यंत भरावे. भांडे या वेळी सिंकमध्ये किंवा परातीत ठेवलेले असावे. या उशिरा घातलेल्या मधाचा सुगंध टिकतो, कारण आता फसफसण्याचा जोर कमी असतो. शिवाय यीस्टवर साखरेचा भार एकदम पडत नाही.

याउपरही सडक्या अंड्यांचा वास आलाच तर घाबरून पेय ओतून देऊ नये. पहिल्या आठवड्यात आला असेल तर पोषणाची अर्धी मात्रा द्यावी आणि दिवसातून दोनदा भांडे फिरवून वायू सोडवावा. बहुतेक वेळा तीन-चार दिवसांत तो जातो. आंबवण संपल्यावर राहिलेला थोडा वास साक्यावरून पेय काढून घेतल्यावर आणि थंडीत महिनाभर ठेवल्यावर विरतो. तांब्याचा तुकडा त्यात बुडवून ठेवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. रसायनशास्त्र म्हणून तो खरा आहे, पण आंबट पेयात तांबे किती उतरले हे घरी मोजता येत नाही, तेव्हा तो मार्ग सोडावा.

आंबवण संपायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि ते संपले की नाही हे एअरलॉककडे पाहून कधीही ठरवू नये. बूच जरा सैल असेल तर आत धडाक्यात काम चालू असतानाही बुडबुडे दिसत नाहीत. उलट काम संपलेले असताना खोली तापली तरी विरघळलेला वायू सुटून बुडबुडे येतात. घनता १.०००च्या खाली उतरली पाहिजे आणि किमान आठवड्याच्या अंतराने घेतलेली दोन मापे तंतोतंत सारखी आली पाहिजेत. माप घेताना नमुना आधी हलवून त्यातला वायू घालवावा, हायड्रोमीटर बोटांनी गर्रकन फिरवावा म्हणजे त्याला चिकटलेले बुडबुडे सुटतात, आणि डोळे द्रवाच्या पातळीला आणून खालच्या वक्ररेषेवर वाचावे. चिकटलेले बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलतात आणि माप खोटेच जास्त दाखवतात. प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर या टप्प्यावर उपयोगाचा नाही, मद्यामुळे तो चुकीचे सांगतो.

मग नळीने पेय साक्यावरून अलगद दुसऱ्या भांड्यात काढावे. नळीचे बाहेरचे टोक दुसऱ्या भांड्याच्या तळाशी टेकलेले असावे, म्हणजे पेय उसळत नाही आणि हवा मिसळत नाही. भांड्याच्या वरची रिकामी जागा उरलेल्या रसाने भरायचा मोह होतो, पण त्याने आंबवण पुन्हा सुरू होते. तसे केले तर पुन्हा थांबण्याची वाट पाहावी. याहून बरे म्हणजे लहान भांडे वापरावे. जागा रिकामी राहिली की हवा आणि चिलटे दोघेही येतात, आणि चिलटांच्या पायांबरोबर व्हिनेगर करणारे जिवाणूही. महिना-दोन महिने थंड जागी ठेवल्यावर पेय आपोआप निवळते.

बाटल्या फुटतात का? फुटतात, आणि त्याचे कारण गणिती आहे. लिटरभर पेयात चार ग्रॅम साखर आंबली की त्या पेयाच्या आकारमानाएवढा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आंबवण संपलेल्या पेयात सुमारे एक पट वायू आधीच असतो. त्यात लिटरला सहा ग्रॅम साखर घालून बाटली बंद केली तर एकूण अडीच पटीच्या आसपास जाते, आणि बिअरच्या बाटलीला हे आरामात पेलते. आता समजा, घनता १.०१० असताना ‘थोडी गोडी राहू दे’ म्हणून तुम्ही बाटल्या भरल्या. घनतेचा एक अंश म्हणजे लिटरला अडीच ग्रॅमहून जास्त साखर. दहा अंशांची सव्वीस ग्रॅम झाली. तिच्यातून साडेसहा पट वायू सुटतो, आणि आधीचा धरला तर सात पटीच्याही वर. शॅम्पेनची जाड, जड बाटलीही याला कमी पडेल. साध्या काचेचे तर कपाटात तुकडे होतील, आणि ते तुकडे हात-डोळ्यांपर्यंत येऊ शकतात. मध घातलेल्या पेयात हा धोका अधिक, कारण पोषणाअभावी यीस्ट मध्येच मंदावते, पेय संपल्यासारखे दिसते आणि उन्हाळ्यात पुन्हा जागे होते.

म्हणून फसफसणारे सायडर हवे असेल तर घनता १.०००च्या खाली स्थिरावल्यावर साडेचार लिटरला २७ ग्रॅम साधी साखर थोड्या उकळत्या पाण्यात विरघळवून, निववून, संपूर्ण पेयात मिसळावी आणि मग बाटल्या भराव्यात. बाटलीगणिक चमच्याने साखर घालू नये, एकीत जास्त एकीत कमी होते. बाटल्या बिअरच्या, पत्र्याची झाकणे लावायच्या, किंवा फसफसणाऱ्या पेयांच्या प्लास्टिकच्या असाव्यात. वाइनच्या बाटल्या, शोभेच्या चौकोनी बाटल्या आणि लोणच्या-मुरांब्याच्या बरण्या अजिबात नकोत. बाकीच्या काचेच्या भरल्या तरी एक बाटली प्लास्टिकची भरावी; ती रोज दाबून पाहावी. दगडासारखी कडक झाली की सगळ्या बाटल्या थंडीत हलवाव्यात.

गोडी टिकवण्याचा प्रश्न यालाच चिकटून आहे. मधातली साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या स्वरूपात असते आणि यीस्ट ती पूर्ण संपवते. मध जास्त घातल्याने गोडी उरत नाही, मद्य वाढते. न फसफसणारे गोड पेय हवे असेल तर पूर्ण निवळलेल्या, साक्यावरून काढलेल्या पेयात एक कॅम्डेनची, म्हणजे सल्फाइटची, गोळी आणि अर्धा चमचा पोटॅशियम सॉर्बेट घालावे, एक-दोन दिवसांनी चवीपुरता मध मिसळावा, आणि आठवडाभर लक्ष ठेवून मग बाटल्या भराव्यात. सॉर्बेट चालू आंबवण थांबवत नाही, फक्त उरल्यासुरल्या यीस्टला वाढू देत नाही. म्हणून ते गढूळ, अजून आंबत असलेल्या पेयात घालून उपयोग नाही. गोड आणि फसफसणारे, दोन्ही एकत्र हवे असेल तर न आंबणारा गोडवा, उदाहरणार्थ एरिथ्रिटॉल, वापरता येतो. त्याची जिभेवरची गार चव मला आवडत नाही. बाटल्या गरम पाण्यात बुडवून यीस्ट मारण्याची युक्ती दाबाखालच्या काचेवर करू नये, ती स्वयंपाकघरातला स्फोट ठरू शकते. मी स्वतः सगळे सायडर कोरडेच बाटलीत भरतो आणि ज्याला गोड हवे त्याच्या ग्लासात दोन चमचे थंड सफरचंदाचा रस घालतो. रसातला ताजा वासही त्याबरोबर येतो, आणि गोळ्या, पुड्या, लक्ष ठेवणे, सगळे वाचते.

तुमचे जुने जळजळीत सायडर अजून शिल्लक असेल तर फेकू नका. नऊ टक्क्यांच्या घरातले मधाचे सायडर महिन्याभरात कधीच चांगले लागत नाही. चार-सहा महिन्यांनी त्याची धार बोथट होते, आंबटपणा आणि मद्य एकमेकांत मिसळतात. आंबवण्याआधी न घातलेला चहा आता चवीपुरता घालून पाहायलाही हरकत नाही.

विषबाधेच्या भीतीबद्दल. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरहून अधिक माणसे दगावली ती आठवण मराठी घरांत ताजी आहे, आणि घरच्या मद्याचे नाव काढले की वडीलधारी मंडळी तिचाच दाखला देतात. तिथे औद्योगिक मिथेनॉल मद्य म्हणून विकले गेले होते. फळांचा रस आंबवताना पेक्टिनपासून मिथेनॉल तयार होते, पण ते अत्यल्प, आणि विकतच्या सायडरमध्येही तेवढेच असते. धोका सुरू होतो तो ऊर्ध्वपातन करू लागल्यावर किंवा कोणी काही मिसळल्यावर. परवान्यावाचून ऊर्ध्वपातन ब्रिटनमध्येही गुन्हा आहे. स्वतःच्या घरापुरते सायडर आंबवण्याला तिथे मनाई नाही, परवान्यावाचून विकायचे मात्र नाही. बाटलीमागे मित्राकडून पैसे घेतले तरी ती विक्रीच.

पुण्याला गेल्यावर ही कृती करू नये. १९४९च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि ते विकण्यासाठी होते की घरी पिण्यासाठी यावर तो अवलंबून नाही. घरच्यांना या पेयाची चव कळावी एवढाच हेतू असेल तर पुण्याच्याच मूनशाइन मीडरीचे सफरचंद आणि मधाचे मीड विकत मिळते. ते तुमच्या डेमिजॉनमधल्यापेक्षा गोड लागेल, तेव्हा पहिला ग्लास चांगला गार करून द्यावा.